तो खंड्या नव्हे, नवरंग

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या जिल्हा पुरवणीच्या पहिल्या पानावर आपण एका रंगीबेरंगी पक्ष्याचे मोठे छायाचित्र छापले आणि त्याखाली ‘पावसाच्या स्वागताला आलेला खंड्या’ अशी ओळ दिली. छायाचित्र सुरेख आहे आणि ते टिपणाऱ्याच्या चिकाटीचे कौतुक केलेच पाहिजे. मात्र तो पक्षी खंड्या नाही. तो नवरंग आहे. चूक लहान आहे, दोन ओळींची दुरुस्ती छापली की विषय मिटला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या पक्ष्यासाठी मी गेली 23 वर्षे मृग नक्षत्र लागले की चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या जंगलात पहाटे जाऊन बसतो, त्याचे नाव आपल्या असंख्य वाचकांच्या, विशेषतः शाळकरी मुलांच्या मनात चुकीचे रुजावे, हे मला पाहवले नाही. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

ते छायाचित्र पुन्हा एकदा समोर घ्यावे. पक्षी जमिनीवर, पाचोळ्यात, गुलाबीसर लांब पायांवर ताठ उभा आहे. शेपूट इतकी आखूड आहे की ती अर्ध्यातच तुटली असावी असे वाटते. चोचीच्या मुळापासून निघून डोळ्यावरून थेट मानेपर्यंत काजळाची रुंद पट्टी गेली आहे, तिच्यावर बारीक पांढरी भुवई आहे, आणि पिवळसर तपकिरी माथ्याच्या मधोमध, भांग पाडावा तशी, आणखी एक काळी रेघ आहे. गळा पांढरा, छाती आणि पोट भिजवलेल्या चण्याच्या डाळीच्या रंगाचे, पाठ हिरवी, खांद्यावर चकाकता निळा डाग आणि पोटाच्या खालच्या टोकाला शेपटीखालपर्यंत कुंकवासारखा लाल रंग. हे वर्णन आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याला लागू पडत नाही.

घोटाळा का झाला असावा याची मला कल्पना आहे. खंड्याचे डोके तपकिरी, गळा पांढरा आणि पाठ निळी असते. नवरंगाच्या अंगावरही तपकिरी, पांढरा आणि निळा हे तिन्ही रंग असल्यामुळे रंगांची नुसती यादी केली तर दोघांची सरमिसळ होते. म्हणूनच पक्षी ओळखताना आधी रंग पाहू नयेत, आकार आणि चालचलन पाहावे, असे मी वर्गात मुलांना सांगत असे. खंड्याची चोच लांब, जाड आणि लालभडक. तो विजेच्या तारेवर, विहिरीच्या कठड्यावर किंवा बांधावरच्या बाभळीवर बसून खाली नजर लावतो आणि सूर मारून भक्ष्य उचलतो. नवरंगाची चोच लहान व काळपट असून तो जंगलाच्या सावलीत जमिनीवर टुणटुण उड्या मारीत पाने उलथतो. खंड्याची लांबी 28 सेंटिमीटरच्या आसपास, तर नवरंग जेमतेम 19 सेंटिमीटर, म्हणजे साधारण बुलबुलाएवढा, फक्त अंगाने गोल आणि मागून आखडलेला. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख तर याच्याहून बराच मोठा आणि माळरानाचा, शेताभातांचा पक्षी आहे. तरीही गावोगाव निळ्या रंगाचा कोणताही पक्षी दिसला की त्याला ‘नीळकंठ’ म्हणून टाकण्याची सवय आहे.

खरी फसगत होते ती नारिंगी डोक्याच्या कस्तुराशी. तोही याच जंगलात, याच सावलीत, याच पाचोळ्यात पाने उलथताना दिसतो. त्याच्याही चेहऱ्यावर गडद रेघा असतात. माझ्या वहीत सुरुवातीच्या वर्षांतल्या दोन नोंदी मी पुढे खोडल्या त्या याच कारणाने. फरक असा की कस्तुराच्या पांढऱ्या गालावरच्या दोन रेघा उभ्या असतात आणि नवरंगाची पट्टी आडवी, डोळ्यातून जाणारी असते. शिवाय कस्तुराची शेपूट नेहमीच्या लांबीची असते. उजेड कमी असला तरी उभी रेघ आणि आडवी रेघ यांतला भेद डोळ्यांना कळतो, खांद्यावरची निळाई मात्र कळत नाही. पक्ष्यांच्या पिसांतला निळा रंग हा हळदीसारखा किंवा कुंकवासारखा मिसळलेला रंग नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाशातला निळा भाग परत फेकला जातो आणि म्हणून ते पीस निळे दिसते. त्यामुळे गर्द सावलीत नवरंगाचा तो प्रसिद्ध निळा डाग काळपट दिसतो आणि उन्हाचा एखादा कवडसा अंगावर पडताच निळा पेटून उठतो. पुस्तकातले चित्र पाहून त्या निळ्याची वाट पाहणारे पुष्कळ जण समोर पक्षी असूनही निराश होतात.

नावाविषयीही दोन शब्द लिहितो. नवरंग म्हणजे नऊ रंगांचा हे उघड आहे, मात्र ते नऊ मोजण्याच्या फंदात मी पडत नाही. हिरव्याच्या छटा किती धरायच्या यावर ते अवलंबून आहे. शास्त्रीय नाव ‘पिट्टा ब्रॅकियुरा’. त्यातला ‘पिट्टा’ हा तेलुगू भाषेतला पक्ष्यासाठीचा शब्द आहे आणि ‘ब्रॅकियुरा’ म्हणजे आखूड शेपटीचा. 1766 साली लिनिअसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने एवढ्या रंगांतला एकही न घेता ही आखूड शेपूटच नावात घेतली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तमिळमध्ये याला ‘आरु मणि कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, असे म्हणतात, कारण तो पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास हमखास बोलतो.

हा बाराही महिने आपल्याकडे राहणारा पक्षी नव्हे. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि वळवाचे पाऊस सुरू झाले की उत्तरेकडे निघतो. हिमालयाच्या पायथ्याचे, मध्य भारतातले आणि सह्याद्रीतले जंगल ही त्याची वीण करण्याची जागा. आपल्या उत्तरेचा सातपुडा आणि दक्षिणेची सातमाळ्याची रांग त्याच्या या घरांपैकीच आहेत. रोहिणी सरता सरता किंवा मृगाच्या पहिल्या सरींबरोबर त्याची शीळ ऐकू येऊ लागते. ‘व्हीऽट-टिऊ’ अशी दोनच सुरांची, गोल आणि स्वच्छ, एखाद्या पोराने दूर शेतातून मित्राला घातल्यासारखी. बोलताना तो मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो. आभाळ भरून आलेले असेल तर दिवसभरही बोलत राहतो आणि एकाने सुरुवात केली की नाल्याच्या पलीकडून दुसरा, टेकाडावरून तिसरा उत्तर देतो. पाटण्याच्या बाजूचे एक वृद्ध गुराखी मला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले होते, “गुरुजी, हाऊ बोलना म्हंजे पानी जोडे वनं.” (हा बोलला म्हणजे पाऊस जवळ आला.) चातकाचे नाव पावसाशी जोडलेले सर्वांना ठाऊक आहे, हा मान नवरंगालाही मिळायला हरकत नाही.

प्रवास तो रात्री करतो आणि थकला की मिळेल तिथे उतरतो. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या आरंभी तो गावात, अगदी घरातही सापडू शकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीसगावच्या घराच्या मागच्या पडवीत सकाळी सौभाग्यवती पाणी भरायला गेल्या, तेव्हा रांजणाच्या तिवईखाली, ओल्या फरशीवर एक नवरंग बसलेला होता. डोळे अर्धवट मिटलेले, पिसे फुगवलेली, एक पंख किंचित लोंबता. मी दोन हातांवर जाऊन बसलो तरी हलला नाही. तेव्हा मला त्याच्या माथ्यावरच्या पिवळसर तपकिरी पिसांच्या कडा, पापणीची मऊ उघडझाप आणि पोटावरच्या लालीत मिसळत गेलेला फिकट रंग इतक्या जवळून दिसला की तेवढ्या जवळून तो मला नंतर पुन्हा कधीच दिसला नाही. आम्ही एका पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून, तळाशी जुने सुती कापड घालून त्यात त्याला अलगद ठेवले आणि खोका अंधाऱ्या खोलीत, मांजरापासून दूर ठेवला. चोच उघडून पाणी पाजले नाही, भाताची शिते घातली नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाहायला बोलावले नाही. दिवस मावळायच्या आधी खोका परसातल्या सीताफळाखाली उघडला. तो काठावर आला, एकदा शेपूट वर-खाली केली आणि पंखांतला पांढरा डाग लकाकवीत सरळ रेषेत झाडीत शिरला. ज्यांना असा पक्षी सापडेल त्यांनी एवढेच करावे. जखम दिसत असेल तर वनविभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. त्याला पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते.

आता पाहावे कसे, ते लिहितो, कारण छायाचित्र पाहून अनेकांना जंगलात जाण्याची इच्छा होणार. आपले जंगल हे उष्णकटिबंधातले कोरडे पानझडी जंगल आहे. उन्हाळ्यात साग, सालई, अंजन, धावडा यांच्या फांद्या उघड्या पडतात आणि पाऊस पडताच दोन आठवड्यांत तेच रान इतके दाट होते की दहा पावलांवरचे दिसत नाही. नवरंग नेमका याच काळात असतो. म्हणून त्याच्या मागे धावून तो दिसत नाही, बसून दिसतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी झुडपांनी भरलेल्या नाल्याच्या कडेला एखाद्या बुंध्याला पाठ टेकून बसावे, कपडे मातकट असावेत, बोलणे बंद असावे. शीळ आली तरी उठू नये. ती दोन-तीनदा आली की दिशा कळते. मग कान पाचोळ्याकडे लावावा. सरड्याची सळसळ सलग असते आणि नवरंगाची तुटक: दोन उड्या, थांबणे, पान उलथणे, पुन्हा दोन उड्या. गेल्या वर्षी मी असा बसलो असताना सागाचे एक मोठे जुने पान माझ्यापासून पंधरा पावलांवर आपोआप उभे राहिले आणि त्याच्या मागून ती काजळाची पट्टी बाहेर आली. त्याने पान बाजूला टाकले, मान तिरकी करून जमिनीकडे पाहिले, गांडूळ अर्धे ओढले, सोडले, पुन्हा धरले आणि या सर्व वेळात शेपटीचा तो तुकडा सावकाश वर-खाली होत होता. 8×42 ची साधी दुर्बीण या कामाला पुरते. नर आणि मादी दिसायला सारखेच असल्यामुळे ‘नर दिसला’ असे लिहिण्याचा मोह टाळावा.

याच संदर्भात एका गोष्टीची तक्रार मला जाहीरपणे करायची आहे. अलीकडे जंगलात काही मंडळी मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवून त्याला समोर आणतात आणि छायाचित्र घेतात. मागच्या जुलैत मी अशा चौघांना पाऊण तास एकाच ठिकाणी ती ध्वनिफीत लावताना पाहिले. पक्षी येत होता, कारण त्याला वाटत होते की आपल्या हद्दीत दुसरा नवरंग घुसला आहे. तो फांदीवरून फांदीवर जाऊन चोच वर करून ओरडत होता, खाणे सोडून, अंडी-पिल्ले सोडून. जून ते ऑगस्ट हा त्याच्या विणीचा काळ. काटक्या, मुळ्या आणि वाळकी पाने रचून तो चेंडूसारखे गोल, बाजूला तोंड असलेले घरटे जमिनीवर किंवा कमी उंचीवर करतो आणि त्यात चार-पाच चकचकीत पांढरी, गडद ठिपक्यांची अंडी असतात. नर व मादी दोघेही ती उबवतात. घरटे जमिनीलगत असल्याने साप, मुंगूस, घोरपड यांचे भय मुळातच मोठे. त्यात माणसांची पायवाट घरट्यापर्यंत पडली तर ती या सर्वांना वाट दाखवते. पक्षी चोचीत भक्ष्य धरून एकाच जागी घुटमळू लागला, गिळेना आणि पुढेही जाईना, की समजावे, घरटे जवळ आहे आणि आपण त्याच्या वाटेत आहोत. तिथून तत्काळ मागे फिरावे. आपल्या पुरवणीत छायाचित्राखाली पाणवठ्याचे नाव आणि तिथे जाण्याचा रस्ताही छापला आहे. माझी कळकळीची विनंती आहे की विणीच्या काळात अशी जागा छापू नये, तालुक्याचे नाव पुरे.

आणखी एक विषय पाचोळ्याचा. नवरंगाचे सगळे आयुष्य पाचोळ्यावर चालते. त्याचे अन्न पानांखालच्या ओलीत आणि त्याचे घरटे त्याच पानांचे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सातपुड्यात आणि सातमाळ्यात वणवे लागतात, काही अपघाताने, काही मोहाची फुले वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून झाडाखाली लावलेल्या आगीने, काही नवे गवत लवकर फुटावे या समजुतीने. मोह वेचणाऱ्या कुटुंबांचा वर्षाचा पैसा त्या फुलांवर असतो, त्यामुळे त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरून फुले गोळा केली तर ती स्वच्छही मिळतात आणि आगही लावावी लागत नाही. वनसमित्यांनी अशी जाळी पुरवण्याकडे लक्ष द्यावे. जळलेल्या भागात पावसाळ्याच्या सुरुवातीला मी अनेकदा बसलो आहे. तिथे झाडे हिरवी होतात, जमीन मात्र काळी आणि उघडी राहते, आणि शीळ येते ती नाल्यापलीकडच्या न जळलेल्या बाजूने.

नाव आणि जागा यांच्या अचूकतेचा मी एवढा आग्रह का धरतो, याला खानदेशातलेच कारण आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी 1884 नंतर कोणालाच सापडला नव्हता आणि तो नामशेष झाला असावा असे मानले जात होते. त्याचे काही जुने नमुने जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातूनच गोळा केलेले होते. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या संग्राहकाने मात्र आपण 1914 साली गुजरातेत एक रानपिंगळा मिळवल्याचे दाखवले, आणि नमुन्याला बांधलेल्या त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध घेणाऱ्यांची दिशाभूल झाली. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ती चिठ्ठी खोटी आहे आणि तो नमुना दुसऱ्याच्या संग्रहातला चोरलेला आहे, हे दाखवून दिले. मग खऱ्या नोंदी असलेल्या जागांवर शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. एका खोट्या चिठ्ठीने वाट चुकवली आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या खऱ्या चिठ्ठ्यांनी ती सापडली. नवरंग आज दुर्मीळ नाही. पण तो केव्हा येतो, कुठल्या रानात बोलतो आणि कुठल्या रानात बोलेनासा झाला, हे पन्नास वर्षांनी कोणाला पाहायचे असेल तर ते आजच्या नोंदींवरूनच दिसणार; त्या नोंदींत नवरंगाचा खंड्या झालेला असेल तर पाहणाऱ्याने कशावर विसंबावे?

म्हणून दुरुस्तीच्या दोन ओळींबरोबर आपण एक छोटी चौकट सुरू करावी, अशी माझी सूचना आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांनी नवरंगाची पहिली शीळ कोणत्या तारखेला, किती वाजता ऐकली, एवढेच कळवावे. यावल आणि रावेरच्या जंगलालगतचे शेतकरी, पाल आणि तोरणमाळच्या वाटेवरच्या शाळांतले शिक्षक, अनेर धरणाच्या काठची मुले यांच्यापैकी कितीतरी जण ती रोज ऐकत असतील आणि आवाज कोणाचा हे त्यांना ठाऊक नसेल. शाळा उघडण्याचा आणि नवरंग बोलण्याचा मुहूर्त एकच असल्यामुळे शिक्षकांना हे काम सहज करता येईल. नोंद करताना पक्षी पाहिला की फक्त ऐकला, हे वेगळे लिहावे आणि खात्री नसेल तर तसेच लिहावे. ज्यांना सवय आहे त्यांनी ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही नोंदवावी, म्हणजे ती कायम राहील. घरट्याची नोंद मात्र स्वतःच्या वहीत राहू द्यावी.

चौकट सुरू झाल्यास यंदाची माझी नोंद अशी घ्यावी: 11 जून, चाळीसगाव तालुका, पहाटे 5.25, आभाळ ढगाळ, रात्री थोडा पाऊस. शीळ चार वेळा, एकच पक्षी. फक्त ऐकला, दिसला नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि नियमित वाचक,
चाळीसगाव